सूक्ष्म वस्तूंच्या छायाचित्रणाचें भिंग

मुंगळा, पराग, फुलपाखराच्या पंखावरील खवले यांचें छायाचित्र घेण्यास भिंग कोणतें घ्यावें, असें विद्यार्थी आम्हांस विचारतात. भिंगावर ‘मॅक्रो’ हा शब्द छापला आहे एवढ्यावर भुलूं नये. एकास एक हें प्रमाण साधतें कीं नाहीं तें आधीं पाहावें. म्हणजे १० मि. मी. लांबीच्या मुंगळ्याची प्रतिमा कॅमेऱ्यांतील संवेदकावरही १० मि. मी. चीच पडली पाहिजे.

खरा विचार नाभीय अंतराचा. ५० मि. मी. चें भिंग हलकें व स्वस्त खरें. परंतु या प्रमाणासाठीं तें किड्यापासून चारपांच सें. मी. वर न्यावें लागतें. मग त्याची सावली पडते, आणि चतुर तर केव्हांच उडून जातो! १०० मि. मी. च्या भिंगास १३ ते १५ सें. मी. अंतर मिळतें, नवशिक्यानें तेंच घ्यावें असें आमचें मत आहे. १८० मि. मी. चें याहून दूर राहूं देतें, पण जड व महाग.

पैशाची अडचण असल्यास ५० मि. मी. च्या साध्या भिंगामागें तितक्याच लांबीची पोकळ नळी लावावी. प्रमाण तेंच येतें. मात्र प्रकाश चौथा हिस्साच पोंचतो. शिवाय भिंग कोणतेंही असो, छिद्र एफ १६ इतकें बारीक केलें तरी जेमतेम २ मि. मी. खोलीचा भाग स्पष्ट उमटतो. यास्तव कॅमेरा पंखाशीं समांतर धरावा.