एक झाड, तीन ऋतू आणि मुलांची चित्रे

चित्रकलेच्या तासाला मुलांना विषयाची मोकळीक दिली, तर बहुतेक कागदांवर एकच देखावा उतरतो : दोन डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, खाली झोपडी आणि नागमोडी नदी. ज्या गावी डोंगरही नाही व नदीही नाही, तेथील मुलेसुद्धा हाच देखावा काढतात. हाताला वळण लागलेले असते. डोळ्यांना मात्र काही काम पडलेले नसते. थोर चित्रकारांचा परिचय शाळेत करून द्यावयाचा तो याकरिता. त्यांच्या चित्रांची नक्कल करविली, तर एका नकलेच्या जागी दुसरी येईल, इतकेच. घ्यावयाची ती त्यांची पाहण्याची रीत.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने (१८४०–१९२६) याचे उदाहरण शेतकऱ्यांच्या मुलांना चटकन उमगेल. तो जिव्हेर्नी या खेड्यात राहत असे. घराजवळच्या शेतात गव्हाच्या सुड्या रचलेल्या होत्या. मळणी व्हावयाची होती. १८९० व १८९१ या वर्षांत त्याने या सुड्यांची सुमारे २५ चित्रे काढली. सुडी तीच, परंतु कधी सकाळची, कधी मावळतीची, कधी बर्फाखाली झाकलेली. उजेड पालटला की हातातील चित्र बाजूस ठेवून तो दुसरे पुढे ओढी. या चित्रांतील सावल्या काळ्या नाहीत. त्यांत निळा व जांभळा रंग आहे.

हीच रीत शाळेत अशी योजता येईल. आवाराजवळचा एखादा पळस निवडावा व श्रावण, मार्गशीर्ष आणि फाल्गुन अशा तीन महिन्यांत, त्याच जागी बसून, त्याचेच चित्र मुलांकडून काढवावे. बसण्याच्या जागी दगडाची खूण ठेवावी. श्रावणात झाड हिरवेगार असते. मार्गशीर्षात पाने जुनी दिसतात आणि खालचे गवत पिवळे पडते. फाल्गुनात बहुधा पान उरत नाही, फांद्या केशरी फुलांनी भरतात. प्रारंभी दहा मिनिटे कागद देऊच नये. नुसते पाहू द्यावे व प्रश्न विचारावेत. सावलीचा रंग विचारला, तर मुले ‘काळा’ म्हणतील. मार्गशीर्षात ऊन असताना सावलीत कोळशाचा एक तुकडा ठेवावा. सावली व कोळसा यांतील अंतर मुले आपण होऊन सांगतील.

रंग विकत आणण्याचे कारण नाही. गेरू, कोळसा, हळद व चुना गावात मिळतात. पळसाची फुले उकळली की केशरी पाणी निघते. हळदीत चुन्याची निवळी घातली असता तांबडा रंग होतो. हे काम शिक्षकाने स्वतः करावे. चुना मुलांच्या डोळ्यांत जाता कामा नये. रंग कागदास धरावा म्हणून बाभळीचा डिंक भिजवून घालावा. निंबाची काडी टोकाशी ठेचली की कुंचला झाला. हळदीचा रंग उन्हाने उडतो, म्हणून चित्रे सावलीच्या भिंतीवर लावावीत.

डहाणू परिसरातील वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. मोनेने ऋतू उजेडात पाहिला. वारली चित्रांत तो माणसांच्या कामांत दिसतो : पेरणी, कापणी, तारप्याचा नाच. गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग व बांबूची काडी, एवढेच साहित्य. दोन त्रिकोण टोकाशी जोडले की वारली चित्र झाले, असा समज मात्र शाळाशाळांत पसरला आहे. तो डोंगर-सूर्याच्या देखाव्याचाच भाऊ होय. आपल्या घरची माणसे त्या महिन्यात काय करीत होती, हे आठवून मुलांनी काढावे.

शिक्षकाने मुलाच्या चित्रावर आपली रेघ ओढू नये. एकदा ओढली, की पुढच्या वेळी मूल झाडाकडे न पाहता गुरुजींकडे पाहते. गुणही सुबकतेला देऊ नयेत. गुरांमागे हिंडणाऱ्या मुलाची रेघ वेडीवाकडी असेल. परंतु फांदी कोठून फुटते, हे बहुधा त्यालाच अचूक ठाऊक असते. प्रत्येक कागदामागे नाव व तिथी लिहून तो जपून ठेवावा. फाल्गुनात तिन्ही चित्रे एका ओळीत टांगावीत, पालकांना बोलवावे आणि प्रत्येक मुलास एवढेच विचारावे : तिसऱ्या चित्रात असे काय आहे, जे पहिल्याच्या वेळी तुला दिसले नव्हते?