इतिहासात एम.ए. करायचे आहे? आधी एवढे समजून घेऊ

पदवीचे निकाल लागले की आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक प्रश्न दरवर्षी येतो. "ताई, इतिहासात एम.ए. करू का?" मागोमाग घरच्यांचा प्रश्न येतो, "त्याने नोकरी लागते का?" दोन्ही प्रश्न योग्य आहेत. घरात कमावणारा एकच असेल तर दोन वर्षे ही छोटी गोष्ट नसते. म्हणून या विषयाबद्दल आम्हाला जे माहीत आहे, ते सरळ सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. एम.ए. म्हणजे आणखी सनावळ्या पाठ करणे नव्हे. पदवीपर्यंत आपण दुसऱ्याने लिहिलेला इतिहास वाचतो. एम.ए.ला तो कशाच्या आधारे लिहिला गेला हे तपासायला शिकतो. शिलालेख, नाणी, दफ्तरातील कागद, जुनी वृत्तपत्रे, वृद्धांच्या आठवणी ही सारी साधने आहेत. कोणते साधन कितपत विश्वासाचे, हे ठरवणे हाच खरा अभ्यास आहे.

नाशिकच्या लेण्यांचे उदाहरण घेऊ. लोक त्यांना आजही पांडवलेणी म्हणतात. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील ब्राह्मी लेख मात्र वेगळे सांगतो. राजमाता गौतमी बलश्रीने हे लेणे भिक्खुसंघाला दान दिल्याची त्यात नोंद आहे. आपण सहलीला जातो, एवढे ऐकतो आणि आनंदाने परत येतो. पण त्याच लेखात तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची स्तुती आहे आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा म्हणून त्याचा गौरव केलेला आहे. संघाला दान देणारे घराणे वर्णव्यवस्था राखल्याचाही अभिमान बाळगत होते. हे कसे? इथून इतिहासाचा विद्यार्थी कामाला लागतो. आपल्याला हवी तेवढी ओळ उचलली तर ती घोषणा होते, इतिहास होत नाही. समोरचा तेच करतो म्हणून आपणही तेच करायचे, असे होऊ नये. पूर्ण लेख स्वतः वाचू शकणारी माणसे आपल्यात हवीत.

आता व्यवहाराचे. एम.ए. साधारण दोन वर्षांचे, चार सत्रांचे असते. बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो, पण प्रत्येक विद्यापीठाचे नियम आधी वाचावेत. दिल्लीतील जेएनयूसारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नोकरी सांभाळून शिकायचे असेल तर इग्नूतून दूरस्थ पद्धतीने इतिहासात एम.ए. करता येते. लेणी आणि उत्खननात रस असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वाचा विचार करावा. मुंबई आणि पुणे विद्यापीठांत पालीचे स्वतंत्र विभाग आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीसोबत पाली आणि प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यामुळे या भाषांकडे लक्ष द्यायला ही वेळ चांगली आहे.

विषय निवडताना आमचा एक आग्रह असतो. प्राचीन काळ घेतलात तर पाली किंवा प्राकृत आणि ब्राह्मी लिपी शिका. मराठा आणि पेशवाईचा काळ घेतलात तर मोडी शिका. आधुनिक काळ घेतलात तर इंग्रजी वाचनाची भीती घालवा. ज्याला मूळ कागद वाचता येत नाही, तो कायम दुसऱ्याच्या अनुवादावर अवलंबून राहतो.

पैशांचे काय? अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाडीबीटी पोर्टलवर भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते प्रवेशाआधीच तयार ठेवा. एका कागदामुळे वर्षभराचे पैसे अडकलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. प्राध्यापकांच्या कायम जागा कमी निघतात आणि अनेक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. प्राध्यापक व्हायचे तर नेट किंवा सेट लागते. त्यासाठी एम.ए.ला खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के आणि अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ५० टक्के गुण हवेत. शेवटच्या वर्षात असतानाही या परीक्षा देता येतात. जेआरएफ मिळाली तर संशोधनासाठी दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे तर सोबत बी.एड. करावे लागते. याखेरीज पुरातत्त्व विभाग, अभिलेखागार, संग्रहालये हे मार्ग आहेत. यूपीएससीला इतिहास हा वैकल्पिक विषयही घेता येतो. म्हणून पहिल्याच वर्षी घरच्यांसोबत बसून दुसरा मार्गही ठरवून ठेवा.

परदेशाचे स्वप्न असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. हे विषय देशातच शिकता येतात, असे कारण दिले गेले. इथे बाबासाहेबांची आठवण येते. १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी सादर केलेला प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता. भारताचा इतिहास बाहेरून पाहण्याची ती संधी या शिष्यवृत्तीवर आज मिळणार नाही. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाचे नियम नीट तपासा आणि इतर शिष्यवृत्त्याही शोधा.

शेवटी प्रबंधाच्या विषयाबद्दल. तो दूर शोधायला नको. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले. त्या दोघी गेल्या नसत्या तर त्यातल्या कितीतरी आठवणी त्या बायकांसोबतच संपल्या असत्या. तुमच्या वस्तीतही १९५६ पाहिलेले एखादे आजोबा असतील, नामांतरासाठी तुरुंगात गेलेली एखादी मावशी असेल, पत्र्याच्या पेटीत जुनी पत्रके असतील. प्रवेश मिळेल तेव्हा मिळेल. तोवर त्यांच्याजवळ बसा, बोलणे ध्वनिमुद्रित करा, तारीख आणि गाव लिहून ठेवा. एम.ए.चा अभ्यास तिथूनच सुरू होतो.