विद्युत मोटारीतील चित्रपट : थांबलेल्या गाडीचे मनोरंजन

मोटारीतील मनोरंजनाची साधने काळानुसार बदलत आली आहेत. प्रथम रेडिओ आला, नंतर कॅसेट आणि मग सीडी. ही सर्व साधने कानांसाठी होती; चालकाची दृष्टी रस्त्यावरच राहत असे. विद्युत मोटारीच्या रुंद टचस्क्रीनने मात्र डोळ्यांचाही वाटा मागितला आहे. भिलाईत वाहनकर्जाची चौकशी करणारे ग्राहक आता ‘एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावते?’ या प्रश्नाबरोबर ‘पडद्यावर चित्रपट दिसतो का?’ असेही विचारू लागले आहेत. या सुविधेचे स्वरूप, तिचा खर्च आणि तिची मर्यादा समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

सुविधेचा उगम

पेट्रोलची गाडी उभी करून वातानुकूलन चालवायचे, तर इंजिन सुरू ठेवावे लागते. त्यात इंधन जळते आणि धूरही होतो. विद्युत मोटारीत मोठी बॅटरी असल्याने गाडी उभी असतानाही पडदा व वातानुकूलन निःशब्दपणे चालू शकतात. शिवाय चार्जिंगसाठी थांबावेच लागते. या रिकाम्या वेळेतून ही कल्पना पुढे आली. अमेरिकेतील टेस्ला कंपनीने सप्टेंबर २०१९ मध्ये उभ्या गाडीत नेटफ्लिक्स व यूट्यूब पाहण्याची सोय दिली. आपल्याकडे टाटा मोटर्सने सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या रूपातील नेक्सॉन ईव्हीच्या वरच्या श्रेणीत १२.३ इंची पडदा व ‘आर्केड डॉट ईव्ही’ ही सुविधा आणली. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने सादर केलेल्या एक्सईव्ही ९ई या गाडीत तर असे तीन पडदे आहेत. (हे उल्लेख केवळ माहितीसाठी आहेत, ती शिफारस नव्हे.)

चित्र पडद्यापर्यंत कसे पोहोचते?

गाडीतील सिम किंवा आपल्या भ्रमणध्वनीचा हॉटस्पॉट यांद्वारे पडदा इंटरनेटशी जोडला जातो. संपूर्ण चित्रपट एकदम उतरत नाही. त्याचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कमी-अधिक स्पष्टतेच्या अनेक प्रतींत तयार असतो. संकेत सशक्त असेल तर स्पष्ट प्रत मागवली जाते, क्षीण झाला की हलकी. पुढचे काही तुकडे आधीच साठवून ठेवले जातात, त्यामुळे क्षणभर संकेत गेला तरी चित्र थांबत नाही. साध्या स्पष्टतेच्या चित्राला तासाला सुमारे एक जीबी, तर उच्च स्पष्टतेच्या चित्राला तीन जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. आपल्या डेटा योजनेचा विचार करूनच स्पष्टता निवडावी.

वीज किती खर्च होते?

पडदा व त्यामागील संगणक यांना तासाला साधारण पाव ते अर्धा युनिट वीज लागते. खरा खर्च वातानुकूलनाचा असतो. भिलाईच्या मे महिन्यातील उन्हात त्याला तासाला एक ते दीड युनिट सहज लागू शकते. एका युनिटमध्ये गाडी सहा-सात किलोमीटर धावते असे धरल्यास, तासाभराच्या करमणुकीची किंमत दहा-बारा किलोमीटरचा पल्ला एवढी होते. ४५ युनिटांच्या बॅटरीला हा भार मोठा नाही. परंतु बॅटरी तळाला आली असता तो जाणवतो. गाडी चार्जरला जोडलेली असताना पाहणे म्हणूनच श्रेयस्कर.

भिलाईहून नागपूरला जाणाऱ्या कुटुंबांचे उदाहरण घेऊ. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा, म्हणजे पूर्वीच्या क्रमांक ६ चा, अडीचशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास आहे. वाटेत एकदा चार्जिंगसाठी थांबणे शहाणपणाचे. जलद चार्जरवर लागणारा पाऊण तास मुलांसाठी एखाद्या मालिकेच्या भागात सहज निघून जातो. या सुविधेचा सर्वोत्तम उपयोग हाच.

धावत्या गाडीत का नको?

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. पडद्याकडे पाच सेकंद पाहिले, तर गाडी ११० मीटर डोळे मिटून धावल्यासारखीच होते. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे मार्गावरील ई-शिवनेरी या विद्युत बसचा चालक बस चालवताना भ्रमणध्वनीवर क्रिकेटचा सामना पाहत असल्याचे एका प्रवाशाने चित्रित केले. त्या चालकाला सेवेतून काढण्यात आले. बसमधील सर्व प्रवाशांचे प्राण त्या एका व्यक्तीच्या दृष्टीवर अवलंबून होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ नुसार वाहन चालवताना हातातील संपर्कसाधन वापरणे हे धोकादायक वाहनचालन मानले जाते. गाडीत बसवलेला पडदा हातात धरावा लागत नाही, म्हणून तो निर्धोक ठरत नाही; लक्ष तोही तेवढेच खेचतो.

यासाठीच गाडी हलू लागताच चालकासमोरील चित्र बंद होण्याची व्यवस्था केलेली असते. धावत्या गाडीत पुढील पडद्यावर खेळ खेळता येत असल्यामुळे डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने टेस्लाच्या सुमारे ५,८०,००० गाड्यांबाबत चौकशी सुरू केली, आणि कंपनीने ती सोय बंद करण्याचे मान्य केले. हे कुलूप निकामी करून देणारे काही कारागीर भेटतात. त्यांचा मोह टाळावा. त्यात जीव तर धोक्यात येतोच, शिवाय गाडीच्या वॉरंटीवरूनही वाद उद्भवू शकतो.

खात्याचीही काळजी

पडद्यावर आपण ज्या सेवा सुरू करता, त्यांची वर्गणी बहुधा आपल्या कार्डातून आपोआप वळती होते. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या व्यवस्थेनुसार अशा आवर्ती वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळते. ती सूचना वाचावी आणि नको असलेली सेवा वेळीच रद्द करावी. गाडी विकताना, किंवा दुरुस्तीसाठी दीर्घकाळ सोपवताना, पडद्यावरील सर्व खात्यांतून बाहेर पडावे. विक्रीच्या वेळी यंत्रणा मूळ स्थितीत आणावी. अन्यथा गाडी दुसऱ्याची होते आणि वर्गणी मात्र आपल्या खात्यातून जात राहते. कार्डाचा पिन किंवा ओटीपी गाडीतील इतर कोणालाही सांगू नये.

विज्ञानाने दिलेली प्रत्येक सोय आपल्याबरोबर एक शिस्त घेऊन येते. या सोयीची शिस्त अगदी सोपी आहे : चाके थांबली की चित्र सुरू करावे आणि चाके फिरू लागली की डोळे रस्त्यावर ठेवावेत. आपला प्रवास सुखाचा व सुरक्षित होवो, ही शुभेच्छा.