उन्हाळ्यातील रोजे

वडोदऱ्यात मे महिन्यात पारा अनेकदा ४० अंशांपलीकडे जातो. २०१८ साली रमजान मे-जून महिन्यांतच आला होता. इस्लामी चांद्रवर्षात अधिक मास धरीत नाहीत. म्हणून हा महिना दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो व सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. उन्हाळ्यात येथे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत सुमारे १५ तास अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबही घ्यावयाचा नसतो.

हे व्रत निर्दय आहे, असे आपणांपैकी काहींस वाटते. परंतु कुराणाच्या दुसऱ्या सूरेत आजारी व प्रवासी यांस तितके रोजे पुढे भरून काढण्याची मुभा आहे. ज्यांस ते मुळीच झेपत नाहीत, त्यांनी गरिबास जेवू घालावे. नियमाच्या पोटीच दया आहे, व एकाच्या दुर्बलतेतून दुसऱ्या भुकेल्याची सोय होते.

यशया ५८ मध्ये आपल्या उपासाचीही कसोटी हीच आहे. म्हणून आम्ही पाळक व धर्मशिक्षक बंधुभगिनींस सुचवितो की, रोजेदार शेजाऱ्याशी भर दुपारी वाद घालू नये, त्याची कीवही करू नये. त्याने इफ्तारीस बोलाविल्यास अवश्य जावे. आणि परतताना स्वतःस विचारावे, आपल्या उपासकाळात आपल्यामुळे कोण जेवला?