एरंडावरची उंटअळी आणि तिला जडणारा रोग

माणसाला ताप येतो, गुराला लाळ्या-खुरकूत होते, कोंबडी मानमोडीने मरते. तसे किडींनाही रोग होतात. मग पिकावरच्या अळीला तिचाच रोग मुद्दाम लावून देता येईल काय? हैदराबादलगत राजेंद्रनगर येथे १९७७ साली तेलबिया संशोधन संचालनालय स्थापन झाले. आज त्यालाच भारतीय तेलबिया संशोधन संस्था म्हणतात. तेथील शास्त्रज्ञांनी या प्रश्नावर बरेच काम केले आहे.

तेलंगणाच्या तांबड्या, हलक्या, पावसावरच्या जमिनीत एरंड हे जुने पीक. पावसाळ्यात त्यावर उंटअळी पडते. चालताना पाठीची कमान करते, म्हणून हे नाव. ती फार पडली तर पानाच्या शिरा आणि देठ तेवढे शिल्लक राहतात. कोरडवाहू शेतकऱ्याने अशा पिकावर महागडे विषारी औषध किती वेळा मारावे?

राजेंद्रनगरला डॉ. पी. एस. विमला देवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, हा जिवाणू हाती घेतला आणि तो गव्हाच्या कोंड्यावर कमी खर्चात वाढवण्याची रीत बसवली. (बीटी कापूस वेगळा. त्यात याच जिवाणूचा एक गुण बियाण्यातच घातलेला असतो. येथे आपण फवारायच्या भुकटीविषयी बोलत आहोत.)

या जिवाणूच्या पेशीत प्रथिनाचा बारीक स्फटिक तयार होतो. पानाबरोबर तो अळीच्या पोटात गेला की तेथील अल्कधर्मी रसात विरघळतो, आतड्याच्या पेशींना चिकटतो आणि त्यांना भोके पाडतो. अळी काही तासांतच खाणे सोडते. मरते मात्र दोन-तीन दिवसांनी. आपले जठर आम्लधर्मी असते आणि हे प्रथिन चिकटावे अशा जागाही आपल्या आतड्यात नसतात. म्हणून अळीला मारणारी ही भुकटी माणसाला किंवा बैलाला तशी बाधत नाही. पुष्कळ शेतकरी दुसऱ्या दिवशी शेतात जातात, अळ्या जिवंत पाहतात आणि औषध खोटे निघाले म्हणून पुन्हा विषाचा पंप उचलतात. अळी जिवंत आहे की नाही हे पाहू नये, ती पान खाते आहे की नाही हे पाहावे.

बुरशीची तऱ्हा निराळी. तिला पोटात जावे लागत नाही. तिचे बीजाणू अळीच्या कातडीवर रुजतात आणि कातडी भेदून आत शिरतात. पावसाळ्यात सोयाबीनच्या किंवा एरंडाच्या पानाला चिकटून कडक झालेली, आधी पांढरी आणि मग फिकट हिरवी पडलेली अळी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती नोमुरिया बुरशीची करामत. एरंडाची पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीसाठी हीच बुरशी भरडलेल्या ज्वारीवर वाढवण्याचा प्रयोग विमला देवी यांनी १९९४ साली प्रसिद्ध केला. मात्र बुरशीला हवेत ओलावा लागतो. कोरड्या उन्हात तिच्यावर पैसे घालणे व्यर्थ, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विषय आम्ही आरोग्याच्याही पानावर का घेतला? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना शेकडो माणसे विषबाधेने आजारी पडली आणि अनेक जण दगावले. त्यांत मजुरीवर फवारणारेही होते. पंप पाठीवर घेणारा नेहमीच शेताचा मालक नसतो. तरीही बीटी किंवा बुरशी फवारताना नाकाला फडके बांधावे, डोळे जपावे आणि नंतर हातपाय धुवावेत; भुकटी छातीत गेली तर काहींना त्रास होतो.

फवारणी संध्याकाळी करावी, कारण कडक उन्हात जिवाणू आणि बीजाणू दोन्ही लवकर निकामी होतात. अळ्या लहान असतानाच फवारावे. मोठी अळी दाद देत नाही. बीटी पोटात जावी लागते, तेव्हा पानाची खालची बाजूही भिजली पाहिजे. बुरशीच्या औषधात बुरशीनाशक कधीही मिसळू नये. पाकिटावरची मुदत पाहावी आणि ते सावलीत, थंड जागी ठेवावे. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर तापलेले पाकीट स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

पंप भरण्याआधी एरंडाची पाने उलटून पाहावीत. उंटअळीच्या मागच्या भागाखाली लहानसा कोश चिकटलेला दिसला, तर तो एका बारीक गांधीलमाशीचा समजावा. तिने आपले काम केलेले असते आणि ती अळी फार दिवस जगत नाही. बऱ्याच अळ्यांखाली असे कोश असतील तर काहीच फवारू नये.

आणखी एक गोष्ट. एरंडाचा पाला एरी रेशमाच्या किड्यांना घालतात. बीटी जिवाणू १९०१ साली जपानात प्रथम सापडला तो रोगाने मरणाऱ्या रेशीमकिड्यांतच. त्यामुळे शेजारी कोणी एरी किंवा तुतीचे रेशीमकिडे पाळत असेल, तर फवारणीपूर्वी त्याला सांगावे, आणि फवारलेला पाला किड्यांना मुळीच घालू नये.