मशीन बसलं, पण आवाज किती?

साठीतल्या माणसाला कानाचं मशीन लावलं की दोन मिनिटांत तक्रारी सुरू. भांडी फार आपटतात, सुनेचा आवाज टोचतो, जरा कमी करा. ऑडिओलॉजिस्टला हे ऐकायचंच असतं, कारण जुळणी त्यावरून होते. चार महिन्यांचं बाळ मात्र काहीच सांगत नाही. रडलंच, तर ते भुकेनं की आवाजानं, हे कुणी ठरवायचं?

म्हणून बाळाला विचारायचं नाही, मोजायचं. पहिलं माप ‘बेरा’ तपासणीचं. बाळ झोपलेलं असताना कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणारे विद्युतसंकेत नोंदवतात. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्याच्या आत उपचार असं जगभर मानलं गेलेलं वेळापत्रक आहे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या १५० मुलांची पाहणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला होता, ती मुलं भाषेत इतरांच्या पुढे होती. ‘याचा बाबाही उशिराच बोलला’ हे आजीचं वाक्य इथे महागात पडतं.

दुसरं माप कानाच्या नळीचं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. मशीनचा आवाज यंत्रावर तपासतात तो २ घन सेंटीमीटरच्या पोकळीत. बाळाच्या कानात मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा मशीनचा साचा, आणि पडदा यांच्यामध्ये उरणारी जागा त्याहून कितीतरी कमी. जागा लहान, म्हणून दाब जास्त. मशीन तेच, सेटिंग तेच, पण उंच स्वरांत आवाज १५ डेसिबलनेही वाढू शकतो. यावर उपाय साधा आहे. मऊ सिलिकॉनची बारीक नळी मोल्डशेजारून कानात सरकवायची आणि सूर सोडायचा. काही सेकंदांत ती पोकळी आणि तो कान यांतला फरक नोंदला जातो. मग मूल खुशाल मांडीवर झोपू दे, उरलेली जुळणी मशीन तपासणीपेटीत ठेवून होते. कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात रिचर्ड सीवल्ड यांनी १९८० च्या दशकात मुलांसाठी सुरू केलेल्या डीएसएल या मशीन-जुळणीच्या पद्धतीत या मापाला मोठं स्थान आहे. ते न घेता संगणकाने सुचवलेल्या सेटिंगवर बाळाला घरी धाडणं मला तरी बेफिकिरीचं वाटतं.

उंच स्वरांचं एवढं काय? ‘स’चा बराचसा आवाज ४,००० हर्ट्‌झच्या वर असतो, बायकामुलांच्या तोंडी तो आणखी वर जातो. ‘आला’ आणि ‘आलास’ यांत फरक तेवढाच. तो ऐकूच आला नाही, तर ‘तो’ आणि ‘तू’ यांची क्रियापदं मूल वेगळी करणार कशी?

त्यात बाळाचा कान भराभर वाढतो. मोल्ड सैल होतो, फटीतून निसटलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारू लागतं. चारचौघांत नको म्हणून घरचे आवाज कमी करतात. शिट्टी थांबते, ‘स’ही जातो. खरं तर तेव्हा नवा मोल्ड हवा असतो. पहिल्या वर्षात तो दोन-तीन महिन्यांनीही बदलावा लागतो. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेसारख्या ठिकाणी, पात्र कुटुंबांना मशीन मोफत मिळतं. मोल्डसाठीच्या फेऱ्यांचं एसटीभाडं आणि बुडालेली मजुरी मात्र कुणाच्या हिशेबात नसते.

मूल थोडं मोठं झालं की घरीही रोज पाहता येतं. ओठ दिसणार नाहीत असं मागे बसून नेहमीच्या आवाजात आ, ई, ऊ, म्, श्, स् म्हणायचं. कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवणारे तज्ज्ञ डॅनियल लिंग यांनी निवडलेले हे सहा आवाज बोलण्यातल्या खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत पोचतात. एखाद्या सकाळी ‘स्’ला मान वळली नाही, तर आधी सेल बदलावा, मोल्डच्या नळीत मळ किंवा पाणी अडकलंय का पाहावं, तेवढ्यानं भागलं नाही, तर त्याच आठवड्यात क्लिनिक गाठावं.