‘विक्रेत्यांना सक्त मनाई’ या पाटीने काय थांबतं, काय थांबत नाही

घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरच्या गेटवर असो की डोंबिवलीतल्या जुन्या तीन मजली इमारतीच्या जिन्यापाशी, एक पाटी हमखास दिसते : ‘फेरीवाले व सेल्समन यांना सक्त मनाई. हुकुमावरून.’ ही पाटी लागली की दारावरच्या त्रासाचा प्रश्न मिटला, असा आपला समज असतो. तरीही बेल वाजत राहते, कडीत अडकवलेली पत्रकं सापडत राहतात आणि मग दुसरा समज घट्ट होतो, की या बाबतीत आपल्याकडे कायदाच नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. कायदे पुष्कळ आहेत, पण बेल वाजवणं हा त्यांच्या लेखी गुन्हा नाही. विकणारा आपलं नाव, पत्ता आणि हेतू लपवतो, तिथे ते लागू पडतात. त्यामुळे माणसाला गेटवर अडवण्यात आपण जेवढी शक्ती घालवतो, तिच्यातली थोडी जरी त्याचं नाव-गाव विचारण्यात घातली, तर उपयोग जास्त होतो.

आधी पाटीचं बघू. सोसायटीचं आवार, जिना, लिफ्ट ही खासगी जागा आहे. तिथे कोणाला येऊ द्यायचं हे ठरवण्याचा अधिकार सोसायटीला आहे आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाने तो नीट वापरता येतो. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राने कायदा केला. त्याखाली मिळणारं प्रमाणपत्र विक्रेत्याला उपजीविकेचं संरक्षण देतं, पण कोणाच्या इमारतीत शिरण्याचा परवाना देत नाही. त्यामुळे ‘माझ्याकडे पालिकेचं कार्ड आहे’ एवढ्यावर वॉचमनने गेट उघडायला हवं, असं नाही. पण याच्या पुढची उडी मात्र चुकीची आहे. पाटी असूनही आत आलेला विक्रेता तेवढ्यानेच गुन्हेगार ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये फौजदारी अतिक्रमणासाठी हेतू लागतो : गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा. ‘नको, निघा’ असं स्पष्ट सांगितल्यावरही धाक घालण्यासाठी किंवा छळण्यासाठी कोणी दारात ठाण मांडलं, तर हे कलम लागू होऊ शकतं. म्हणून पहिला नकार मोघम नसावा. ‘आत्ता नको, नंतर या’ हे पुन्हा येण्याचं आमंत्रण आहे.

वॉचमनच्या अधिकारांबद्दलचा गैरसमज तर धोक्याचा आहे. आत शिरलेल्या विक्रेत्याची पिशवी उपसणं, माल ठेवून घेणं, त्याला केबिनमध्ये बसवून ठेवणं, दोन लगावणं, हे सगळं ‘सोसायटीच्या नियमात’ बसतं असं अनेक कमिट्यांना वाटतं. ते बसत नाही. खासगी व्यक्तीला कोणाला पकडता येतं ते फक्त तिच्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला असेल किंवा तो माणूस घोषित गुन्हेगार असेल तर, आणि तेव्हाही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. साबण विकायला आलेल्या मुलाला कोंडून ठेवलं, तर गुन्हा कोंडणाऱ्यावर दाखल होईल. संशय असेल तर ११२ वर फोन करणं एवढाच सरळ रस्ता आहे.

यावर लगेच आक्षेप येतो : चोऱ्या होतात, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना फसवलं जातं, मग माणुसकी दाखवायची तरी कशी? आक्षेप खरा आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत मुलं परदेशी किंवा पुण्या-बंगळूरला आणि घरात दोघंच म्हातारी माणसं, अशी घरं भरपूर आहेत. पण फसवणारा बहुधा विक्रेता म्हणून येतच नाही. तो ‘गॅसची तपासणी’, ‘मीटरचं काम’, ‘बँकेची केवायसी’ असं सांगतो, गळ्यात कार्ड अडकवलेलं असतं, आणि ती पाटी ओलांडून थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. पाटी अडवते ती कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीला आणि बचत गटाच्या पापडवालीला. ज्याच्यापासून खरा धोका आहे त्याच्यासाठी एक सवय जास्त कामाची आहे. सेफ्टी डोअर न उघडता नाव आणि कार्यालय विचारायचं आणि त्याने दिलेल्या नंबरवर नव्हे, तर आपल्या बिलावर किंवा गॅसच्या पुस्तकावर छापलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. गॅसची नळी ठरावीक काळाने बदलायला हवी हे खरंच आहे, पण ती आत्ता, याच माणसाकडून, रोख पैसे मोजून बदलायला हवी, असं कोणताही नियम सांगत नाही. १९०६ हा क्रमांक एलपीजी गळतीच्या तक्रारीसाठी आहे. नळ्या विकणाऱ्याची खातरजमा मात्र आपल्या वितरकाकडेच करावी.

आता खरेदीकडे. ‘दारावर घेतलेली वस्तू सात दिवसांत परत करता येते’ असं पुष्कळजण खात्रीने सांगतात. युरोपात घरी येऊन केलेल्या विक्रीसाठी विचार बदलायला ठरावीक मुदत मिळते. आपल्याकडे अशी सरसकट मुदत नाही. आयुर्विम्याच्या पॉलिसीला ती आहे, कागदपत्रं हातात पडल्यापासून ३० दिवसांची, आणि घरी येऊन गळ्यात मारलेल्या पॉलिसीसाठी तिचा उपयोग करून घ्यायला हवा. पण मिक्सर किंवा वॉटर प्युरिफायर ‘आवडला नाही’ म्हणून परत घ्यायला कायदा विक्रेत्याला भाग पाडत नाही. उलट टोकाचा समजही तितकाच चुकीचा : दारावर घेतलं म्हणजे दाद नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. तक्रार विक्रेत्याच्या गावी जाऊनच करावी लागते असंही नाही. कलम ३४ नुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात ती करता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला शुल्क नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन त्याआधीची पायरी.

पण या सगळ्याला एक गोष्ट लागते : समोरच्याचं नाव आणि पत्ता. दारावर मिळणारी फिनेलची बाटली हातात घेऊन बघावी. बऱ्याचदा तिच्यावर फुलांचं चित्र, एक झगमगीत नाव आणि ‘९९.९%’ एवढंच असतं. वजने-मापे कायद्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे आवेष्टित मालावर उत्पादक, पॅकिंग करणारा किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला लागतो. यातलं काहीच नसेल तर घासाघीस करून किंमत उतरवण्यात अर्थ नाही, ती बाटली घ्यायचीच नाही. बिल मिळत नसेल आणि तरीही घ्यायचंच असेल, तर रोख देण्यापेक्षा यूपीआयने द्यावेत. निदान पैसे कोणाच्या खात्यात गेले त्याची नोंद राहते.

एका प्रकारच्या विक्रेत्यासाठी तर नियम अगदी स्पष्ट आहेत आणि ते फार थोड्यांना माहीत आहेत. विक्रेत्यांचं जाळं उभं करून घरोघरी माल पोचवणाऱ्या कंपन्यांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम अधिसूचित झाले. त्यानुसार अशा कंपनीच्या विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. म्हणजे शेजारच्या काकूंच्या ओळखीने अचानक येऊन प्रोटीन पावडरचं प्रात्यक्षिक मांडणारे तिथेच नियम मोडतात. हे नियम अशा जाळ्यापुरते आहेत, प्रत्येक फेरीवाल्याला ते लागू नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं.

पत्रकांचा विषय याहून गुंतागुंतीचा. ‘डीएनडी केलं की जाहिराती बंद’ हा समज आधी बाजूला ठेवू. १९०९ वर नोंदवलेली पसंती फोन आणि मेसेजपुरती आहे, कागदाशी तिचा संबंध नाही. ॲमस्टरडॅमने २०१८ पासून असा नियम केला, की ज्याच्या पेटीवर ‘हो’चं स्टिकर असेल त्याच्याच पेटीत बिनपत्त्याच्या जाहिराती टाकायच्या, आणि तो नियम नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयातही टिकला. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. उलट खुद्द टपाल खात्याचीच ‘डायरेक्ट पोस्ट’ नावाची बिनपत्त्याची पत्रकं वाटण्याची सेवा आहे. पेपरातून पडणाऱ्या पत्रकांबद्दल संपादकांना लिहूनही काही होत नाही. पहाटे गठ्ठे सुटतात तेव्हा ती वितरणाच्या पातळीवर घातली जातात, छापखान्यात नव्हे. ‘माझ्या अंकात पत्रकं घालू नका’ हे सांगायचं ते आपल्या पेपरवाल्याला.

मात्र ‘पत्रकाला कायदा नाही’ हे साफ चूक. कल्याण-डोंबिवलीत तर या चुकीची किंमत फार मोठी आहे. इथल्या पेट्यांमध्ये स्वस्त फ्लॅटची पत्रकं सतत येतात. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने गृहप्रकल्पांच्या जाहिरातींवर नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही बंधनकारक केला आहे आणि पत्रकं त्यातून सुटलेली नाहीत. क्रमांक नसलेलं पत्रक सरळ महारेराकडे तक्रार करण्याजोगं. पण क्रमांक आहे म्हणजे इमारत अधिकृत, हा त्याच्या पुढचा गैरसमज जास्त घातक. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवण्यात आली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचे आदेश दिले आणि आयुष्याची पुंजी घालून, कर्जं काढून घर घेतलेली कुटुंबं रस्त्यावर येण्याच्या भीतीत सापडली. त्यांची चूक एवढीच, की छापील क्रमांकावर त्यांनी विश्वास ठेवला. म्हणून क्रमांकापाशी थांबू नये. बांधकाम परवानगीची प्रत मागून ती पालिकेच्या नगररचना विभागात पडताळून बघावी. पत्रक वाटणारा मुलगा निमित्तमात्र असतो. ज्याच्यासाठी ते छापलं त्याच्यापर्यंत पोचायला हवं.

औषधांच्या पत्रकांचंही असंच. ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘लकव्यावर हमखास इलाज’, ‘मुतखडा बिनऑपरेशन’ असे दावे छापणं १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांसंबंधीच्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने मनाई केलेलं आहे. तो कायदा परिपत्रकालाही जाहिरात मानतो, आणि ‘आयुर्वेदिक आहे’ म्हटल्याने सुटका होत नाही. पत्रक फाडून टाकण्याऐवजी त्याचा दोन्ही बाजूंचा फोटो अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवता येतो. कंपाउंडच्या भिंतीवर चिकटवलेल्या क्लासच्या आणि पेस्ट कंट्रोलच्या जाहिरातींसाठी १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. रस्त्यावरून दिसणारी खासगी भिंतही त्यात येते, आणि शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लिफ्टच्या आत लावलेलं स्टिकर मात्र त्यात बसणं कठीण. तिथे सोसायटीने स्वतःच त्या नंबरवर फोन करून बजावावं.

एवढ्या तक्रारी करायला वेळ कोणाला आहे, असं कोणी विचारेल. प्रत्येकाने प्रत्येक पत्रकाची करू नये. सोसायटीने महिन्यातून एकदा, सेक्रेटरीच्या सहीने, दोन-चार फोटो जोडून केली तरी पुरे. त्याच सभेत आणखी दोन गोष्टी घ्यायला हव्यात. पहिली, गेटवरचं रजिस्टर. नाव, विंग, फ्लॅट, मोबाइल, वेळ असे रकाने असलेलं ते जाडजूड पुस्तक टेबलावर उघडं पडलेलं असतं आणि आधीच्या चाळीस जणांचे नंबर पुढच्या माणसाला वाचता येतात. ज्यांना नको असलेल्या फोनचा त्रास होतो, त्यांच्याच सोसायटीत नंबर असे उघड्यावर असतात. दुसरी, रविवारी आवारात भाडं घेऊन लागणारे गाड्यांचे आणि कर्जाचे स्टॉल. कमिटी पैसे घेऊन कंपनीला आत घेते आणि लोणची विकणारीला गेटवरून हाकलते, हे न्यायाचं नाही. तिलाही आठवड्यातला एक तास, गेटजवळची एक जागा आणि नाव-पत्त्याची नोंद देता येईल. बेल वाजणार नाही आणि ज्यांना हवं ते खाली उतरून घेतील. आणि ठराव लिहिताना ‘कोणत्याही बाहेरच्या व्यक्तीस प्रवेश नाही’ असं सरसकट लिहू नये. पल्स पोलिओच्या ताई, मतदार यादीचे बीएलओ आणि २०२७ च्या जनगणनेचे प्रगणक याच गेटातून येणार आहेत. जनगणना कायदा १९४८ नुसार प्रगणकाला रीतसर प्रवेश देणं घरात राहणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि वॉचमनला ते आधी सांगून ठेवायला हवं.